चौसष्ट किलो वजन आणि बीएमआय फक्त ११.७? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वजनाबद्दल लिहिताना शेवटी म्हटलं होतं की ज्यानं त्यानं आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, घरी काढून बघा, तर सांगली-साताऱ्याकडून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, बेरीज-भागाकार कुणाचेच चुकलेले नाहीत, चुकलंय ते मोजमाप. कुणी पाउंडाच्या जागी किलो घातलेत, कुणी इंचाच्या जागी पॉइंट दिलाय, आणि मग आलेल्या आकड्यावर कुणी घाबरलंय तर कुणी निर्धास्त झालंय. निर्धास्त झालेल्यांची मला जास्त काळजी वाटते. नावं देत नाही, गाव तेवढं देतेय.

प्रश्न (तासगाव) : ताई, माझं वय ३४, उंची ५ फूट २ इंच आणि वजन ६४ किलो. माझी नणंद अमेरिकेत असते, तिने व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म्युला पाठवला की वजनाला ७०३ ने गुणायचं आणि उंची इंचात घेऊन दोनदा भागायचं. मी तसंच केलं तर ११.७ आला, चार्टवर बघितलं तर अतिशय कमी वजन. मी तर चांगली भरलेली आहे. माझ्या आठवीतल्या मुलीने मीटर घेऊन केलं तर २५.८ आला. खरं कुठलं आणि हे ७०३ काय आहे?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. नणंदेचा फॉर्म्युलाही बरोबर आहे, फक्त तो पाउंडासाठी आहे आणि तुम्ही त्यात किलो घातलेत.

आधी आपली पद्धत बघू. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घ्यायची, आणि वजनाला उंचीने दोनदा भागायचं, बस एवढंच. ५ फूट २ इंच म्हणजे ६२ इंच, एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर, म्हणून ६२ × २.५४ = १५७.५ सेमी, म्हणजेच १.५७५ मीटर. आता मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ६४ ÷ १.५७५ केलं की ४०.६ येतात, त्याला परत १.५७५ ने भागा, २५.८ आले. वर्ग वगैरे करायची गरजच नाही, दोनदा भागलं की झालं, आणि ही पद्धत मला सगळ्यात बरी वाटते कारण त्यात चुकायला जागाच कमी राहते.

अमेरिकेत वजन पाउंडात आणि उंची इंचात सांगायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांना दर वेळी किलो-मीटर करत बसायला नको म्हणून ते रूपांतर एकाच आकड्यात बसवून टाकलंय, तो आकडा ७०३. एक पाउंड म्हणजे ०.४५३६ किलो आणि एक इंच म्हणजे ०.०२५४ मीटर. उंची दोनदा येते म्हणून ०.०२५४ ला ०.०२५४ ने गुणायचं आणि आलेल्या आकड्याने ०.४५३६ ला भागायचं, उत्तर ७०३ च्या किंचित वर येतं. मुलीला करून बघायला सांगा, आठवीच्या पोरीला जमण्यासारखं आहे आणि तिला आवडेलही. तुमचे ६४ किलो म्हणजे १४१ पाउंड, १४१ × ७०३ ला ६२ ने दोनदा भागलं की तिथेही २५.८ च येतो. माणूस तोच, तर उत्तरही तेच यायला पाहिजे, ते आलं नाही तर कुठेतरी किलो-पाउंडाची अदलाबदल झालीय असं समजायचं. उलटी अदलाबदलही होते, म्हणजे १४१ पाउंड किलोच्या फॉर्म्युल्यात घातले तर ५७ च्या आसपास येतो. घरात चालत्या-फिरत्या, कामधाम करणाऱ्या मोठ्या माणसाचा आकडा १२ नाहीतर ५५ आला तर आधी मोजमाप तपासा, डॉक्टर नंतर.

आता तुमच्या २५.८ बद्दल. तुमच्या उंचीला साधारण ४६ ते ५७ किलो हे वजन बरं धरतात (आपल्याकडे ठीक धरलेल्या बीएमआयच्या दोन टोकांना, म्हणजे १८.५ आणि २२.९ ला, उंचीने दोनदा गुणून हे आकडे येतात, ज्याला त्याला आपापल्या उंचीचे काढता येतील). म्हणजे सात किलो जास्त आहेत. पण सातच्या सात किलो डोक्यात घेऊन बसू नका, पहिले तीन किलो तेवढे बघा, कारण वजनाच्या पाच टक्के जरी उतरलं तरी साखर, बीपी, गुडघे या सगळ्यांना फरक पडायला सुरुवात होते, आणि रात्रीचं जेवण साडेनऊवरून साडेसातला आणणं आणि चहातली साखर कमी करणं एवढ्यावरसुद्धा बऱ्याच बायकांचे ते तीन किलो उतरलेले मी बघितलेत. घाई करू नका, वर्षभर टिकेल असंच काय ते करा.

प्रश्न (कराड) : मॅडम मी पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज सकाळी पळतो, कबड्डी पण खेळतो. वजन ७०. एका अ‍ॅपवर वजन ७० आणि उंची ५.१० टाकली तर बीएमआय २९ दाखवतंय आणि लाल रंगात ओव्हरवेट लिहून येतंय. मित्र म्हणतात अ‍ॅप चुकीचं आहे. मी जेवण निम्मं केलंय चार दिवस झाले. बरोबर करतोय का?

उत्तर : अरे, आजपासून पोटभर जेव. तुझं वजन उत्तम आहे.

अ‍ॅप चुकलेलं नाही, पॉइंट चुकलाय. आपण ५ फूट १० इंच हे बोलताना "पाच दहा" म्हणतो आणि लिहिताना ५.१० लिहितो, स्थळाच्या बायोडेटावर तर सर्रास असंच लिहिलेलं असतं. पण मशीनला ५.१० म्हणजे ५.१, म्हणजे पाच फूट आणि वर एका फुटाचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. फुटात इंच बारा असतात, दहा नाही, सगळा घोळ तिथेच आहे. त्यामुळे अ‍ॅपने तुला १५५ सेंटिमीटरचा धरला आणि १५५ सेमीच्या माणसाला ७० किलो म्हणजे २९ येणारच. तुझी खरी उंची ५ × १२ + १० = ७० इंच, गुणिले २.५४ म्हणजे १७७.८ सेमी. आता ७० ला १.७७८ ने दोनदा भाग, २२.१ येतो. कुठे २९ नि कुठे २२.

हे फक्त दहा-अकरा इंचवाल्यांचंच होतं असं समजू नका, एक ते नऊ इंचवाल्यांचं उलटं होतं आणि ते जास्त वाईट, कारण ते लक्षातच येत नाही. ५ फूट ९ इंच उंचीच्या माणसाने ५.९ टाकलं की मशीन त्याला पावणेदोन इंच जास्त उंच धरतं, मग वजन ८० किलो असेल तर खरा बीएमआय २६ असताना समोर २४.७ दिसतो आणि तो माणूस म्हणतो चला, पंचविसाच्या आत आहे. आणि पुढचं एक वर्ष वजनाकडे बघत नाही.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की आपली उंची सेंटिमीटरमध्ये एकदा पाठ करून टाका, मोबाइल नंबरासारखी. भरतीतसुद्धा उंची सेंटिमीटरमध्येच मोजतात, पुरुषांसाठी १६५ सेमी म्हणतात ते म्हणजे जवळपास ५ फूट ५ इंच. बाजारात शेर-मण जाऊन किलो आला तो १९५८ पासून, पण उंची अजून फुटातच राहिली, जमीन गुंठ्यात आणि सोनं तोळ्यात राहिलं तशी. बोलताना राहू दे फुटात, हिशेबाला मात्र सेंटिमीटरच घ्या.

आणि हो, भरतीच्या तयारीत जेवण निम्मं करणं हे अगदी चुकीचं, पळताना चक्कर येईल आणि गुडघे-पिंढऱ्या दुखायला लागतील. भाकरी, डाळ, अंडी चालत असतील तर अंडी, दूध, केळी, सगळं चालू ठेव.

प्रश्न (पलूस) : आमच्या मेडिकलवाल्याच्या काट्यावर माझं वजन ६० भरतं, एसटी स्टँडवरच्या मशीनवर ६१ आणि दवाखान्यात ५९.५. उंचीचं पण तेच, कुणी १६० म्हणतं कुणी १५७. मग बीएमआय नक्की कशावर काढायचा?

उत्तर : वजनाच्या एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. उंचीच्या फरकाने बिघडतं. करून दाखवते, १६० सेमी आणि ६० किलोला २३.४ येतो. वजन एक किलो वाढवलं तर २३.८. वजन तेच ठेवून उंची एक इंच कमी केली, म्हणजे १५७.५ सेमी धरली, तर २४.२. म्हणजे एका इंचाची चूक ही जवळजवळ दोन किलोंच्या चुकीएवढी पडते, कारण उंचीने आपण दोनदा भागतो, त्यामुळे तिची चूकही दोनदा लागते. आणि लोक काय करतात, वजन दर आठवड्याला करतात आणि उंची मात्र कॉलेजच्या आयकार्डवर होती तीच सांगतात.

उंची घरी नीट मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. चप्पल काढा, अंबाडा किंवा वर बांधलेले केस सोडा, ज्या भिंतीला खाली फरशीची पट्टी बाहेर आलेली नाही अशा भिंतीला पाठ लावून उभं राहा, टाचा, ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला, नजर समोर, हनुवटी वर उचलायची नाही. दुसऱ्या माणसाने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर आडवं ठेवायचं, पुस्तकाची कड भिंतीला पूर्ण टेकली पाहिजे, आणि खालच्या बाजूला पेन्सिलीची खूण करायची. मग गवंड्याच्या नाहीतर सुताराच्या पत्र्याच्या टेपने जमिनीपासून खुणेपर्यंत मोजायचं. शिवणाचा कापडी टेप शक्यतो नको, तो ६० इंचाला संपतो, त्यामुळे पाच फुटाच्या वरचा माणूस मोजताना तो सरकवावा लागतो आणि तिथेच अर्धा-एक इंच जातो, शिवाय जुना झाला की ताणलेलाही असतो. सकाळी मोजली तर सकाळीच मोजत जा, कारण दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची साधारण एक सेंटिमीटर कमी भरते.

वजनासाठी कुठलाही एकच काटा धरा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा घरी असेल तर तो फरशीवर ठेवा, चटई किंवा गादीवर नको.

प्रश्न (वाई) : माझा मुलगा इंग्लंडला नोकरीला आहे. फोनवर म्हणाला, आई माझं वजन ११ स्टोन ४ आहे आणि डॉक्टरांच्या चार्टप्रमाणे मी नॉर्मल आहे. त्याची उंची ५ फूट ७ इंच. सुट्टीला आला तेव्हा इथल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन जास्त आहे, कमी कर. एकच मुलगा तिकडे नॉर्मल आणि इकडे जाड कसा होईल? आणि स्टोन म्हणजे किती?

उत्तर : काकू, तुम्ही विचारलंय ते फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्टोन म्हणजे १४ पाउंड, साधारण ६.३५ किलो. इंग्लंडमध्ये माणसाचं वजन अजून बरेच लोक त्याच्यातच सांगतात. ११ स्टोन ४ म्हणजे ११ × १४ = १५४ आणि वर ४, एकूण १५८ पाउंड, म्हणजे ७१.७ किलो. इथेही पॉइंट देऊ नका, वरचे चार हे पाउंड आहेत. ५ फूट ७ इंच म्हणजे १७०.२ सेमी. ७१.७ ला १.७०२ ने दोनदा भागलं की २४.७ येतो. त्याला पाउंड-इंचात बघायचं असेल तर १५८ × ७०३ ला ६७ ने दोनदा भागायला सांगा, तेच येईल.

म्हणजे आकडा दोन्हीकडे एकच आहे, रेघ वेगळी आहे. जगभर जो सर्वसाधारण चार्ट चालतो त्यात १८.५ ते २४.९ ठीक, २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. पण २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडे लक्ष देण्यासाठी सुचवले, आणि २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा अशी रेघ आखली. तुमचे वाईचे डॉक्टर त्या रेघेने बघतायत आणि ते बरोबर आहेत. मुलाने तिकडे हे सांगायला हरकत नाही, कारण ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शनातसुद्धा दक्षिण आशियातून आलेल्या लोकांसाठी २३ आणि २७.५ च धरायला सांगितलंय, त्याने बहुतेक सर्वसाधारण चार्ट बघितला असणार.

आपल्याला वेगळी रेघ का, तर आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबीही पोटात जास्त साठते, त्यामुळे डायबेटिस आपल्याला कमी वजनाला गाठतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! फोटोत दोघं सडपातळच दिसतात. मी हे उदाहरण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक "मी तर बारीकच आहे" म्हणणाऱ्या माणसाला सांगते, विशेषतः हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे आलेल्यांना.

हा बीएमआय मुळात एकेका माणसाला तपासायला काढलेलाच नव्हता हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले या खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाने सरासरी माणूस कसा असतो याचा अभ्यास करताना हे वजन-उंचीचं नातं मांडलं, आणि बीएमआय हे नाव तर १९७२ साली अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल कीज यांच्या लेखातून रूढ झालं. टेप आणि काटा एवढ्यावर काम होतं, पैसे लागत नाहीत, म्हणून तो टिकला आणि मला तो त्यासाठीच आवडतो, पण चरबी कुठे आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून मुलाला सांगा, बेंबीच्या आसपास, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावायचा. आपल्याकडे पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत पाहिजे. पँटचा नंबर सांगू नको म्हणावं, पँट पोटाच्या खाली घालतात लोक. घेर ९० च्या वर असेल तर साखर तपासून घेऊ दे, नसेल तर चार-पाच किलो हळूहळू उतरवू दे.

प्रश्न (विटा) : आमचं पोरगं १९ वर्षांचं, तालमीत आहे. उंची ५ फूट ८, वजन ८६ किलो. कॉलेजात तपासणी झाली त्यात बीएमआय २८.८ काढून लठ्ठ म्हणून लिहिलं. वस्ताद म्हणतात वजन घालवायचं नाही. त्याच्या आईनं तूप बंद केलंय, घरात रोज भांडण. काय करायचं?

उत्तर : दादा, आकडा बरोबर काढलाय, पण तो तुमच्या पोराला लागू होत नाही. काट्याला चरबीचा किलो आणि मांसाचा किलो यांतला फरक कळत नाही. रोज जोर-बैठका मारणाऱ्या, मातीत आणि मॅटवर लढणाऱ्या पोराच्या मांड्या, पाठ, मान यांत जे वजन आहे ते चरबीचं नाही.

पण म्हणून पैलवान म्हटला की बघायचंच नाही असंही करू नका. त्याच्या पोटाचा घेर मोजा. उंचीच्या निम्म्याच्या आत घेर पाहिजे हा सोपा नियम आहे, त्याची उंची १७२.७ सेमी म्हणजे निम्मे ८६. घेर ८२-८४ असेल तर आईला सांगा, निर्धास्त राहा. ९० च्या वर असेल तर मग वस्तादांशी आणि डॉक्टरांशी बोलून खुराकात बदल करावा लागेल. कुस्तीत वजनाचे गट असतात ते बीएमआयवर नाही, सरळ किलोवर असतात, कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. त्यामुळे पोराने कुठल्या गटात खेळायचं हे ठरवून वजन ठेवायचं असतं. गट गाठायला ऐन वेळी पाणी तोडणं, अंगावर प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढणं हे मात्र कधी करू देऊ नका, त्याने किडनीवर आणि हृदयावर ताण येतो आणि हे मी जीव तोडून सांगतेय.

अजून एक, ही खरी गोष्ट आपल्या भागातली आहे. कुस्ती सुटते पण खुराक सुटत नाही. लग्न होतं, शेती किंवा नोकरी लागते, तालीम बंद होते, पण दूध, तूप, बदाम, मटण तसंच चालू राहतं, आणि चाळिशीत तेच वजन असतं पण आता ते पोटावर असतं. तेव्हा मात्र तो २८.८ खरा धरायचा. ज्या महिन्यात तालीम थांबेल त्या महिन्यापासून खुराक निम्म्यावर आणायचा, हे पोराला आत्ताच सांगून ठेवा.

प्रश्न (कोरेगाव) : माझी मुलगी ९ वर्षांची आहे, उंची १३२ सेमी, वजन २७ किलो. बीएमआय १५.५ आला म्हणजे १८.५ पेक्षा खूपच कमी. टॉनिक सुरू करू का?

उत्तर : नको. १८.५ ची रेघ मोठ्यांची आहे, १८ वर्षांच्या आतल्या मुलांना ती लावायचीच नाही. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे बदलत जातो, त्यामुळे तो वाढीच्या तक्त्यावर बघायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये तक्ते काढलेत, तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. नऊ वर्षांच्या मुलीला १५.५ अगदी व्यवस्थित आहे. दर सहा महिन्यांनी उंची-वजन लिहून ठेवा, एका मापापेक्षा ती रेघ कशी चाललीय ते जास्त सांगते.

प्रश्न (जत) : मला पाचवा महिना चालू आहे, बीएमआय वाढत चाललाय, जेवण कमी करू का?

उत्तर : अजिबात नाही. गरोदरपणात बीएमआय काढायचा तो दिवस जाण्याआधीच्या वजनावर, नाहीतर अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या वजनावर, आणि तो फक्त पुढच्या नऊ महिन्यांत किती वजन वाढायला हवं हे ठरवायला. आत्ताचं वजन बाळाचं, पाण्याचं, वाढलेल्या रक्ताचं आहे. नोंदणी झाली तेव्हा कार्डावर लिहिलेलं वजन घेऊन तुमच्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना दाखवा.

प्रश्न (मिरज) : मी ७१ वर्षांचा, निवृत्त. तरुणपणी उंची ५ फूट ६ होती, आता पाठीला पोक आल्याने ५ फूट ४ भरते. सहा महिन्यांत वजन ६६ वरून ६२ झालं, मुद्दाम काही न करता. तरी बीएमआय २३.५ येतोय, म्हणजे तुमच्या २३ च्या रेघेच्या वर. अजून दोन किलो घालवावेत असं मनात आहे. मुलगाही म्हणतो, बाबा छान बारीक झालात.

उत्तर : काका, कृपा करून एक ग्रॅमही कमी करू नका, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा.

तुमचा आकडा फसवा आहे. १६२.६ सेमीला ६२ किलो म्हणजे २३.५, बरोबर, पण ती उंची पाठ वाकल्यामुळे कमी झालीय, अंग लहान झालेलं नाही. पूर्वीच्या १६७.६ सेमीने काढला तर २२.१ येतो, रेघेच्या चांगला आत. वयानुसार मणके दबतात, हाडं ठिसूळ होतात, पोक येतो, आणि उंची कमी झाली की बीएमआय आपोआप फुगतो. म्हणून ज्यांना सरळ उभं राहता येत नाही त्यांची उंची डॉक्टर गुडघ्याच्या उंचीवरून किंवा हात आडवे पसरून अंदाजाने काढतात. दोन इंच उंची गेलीय तर हाडांची तपासणीही करून घ्या.

पण मला जास्त काळजी त्या चार किलोंची आहे. ६६ पैकी ४ म्हणजे सहा टक्के. काही न करता सहा महिने-वर्षभरात पाच टक्क्यांच्या वर वजन उतरलं तर ते तपासलंच पाहिजे, मग बीएमआय कितीही असो. साखर वाढलेली असू शकते, थायरॉइड असू शकतो, टीबी, पोटाचं काही, दातांमुळे चावता येत नाही म्हणून जेवण कमी झालेलं असू शकतं, मन खचलेलं असेल तरी असं होतं. यातलं बरंचसं लवकर सापडलं तर नीट बरं होतं. तुम्ही तर मिरजेत राहता, चांगले दवाखाने चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे टाळू नका, आणि जाताना गेल्या वर्षभरात जिथे जिथे वजन केलं असेल त्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सगळं बरोबर न्या. तोपर्यंत दोन्ही वेळच्या जेवणात वरण, दही, किंवा चालत असेल तर अंडं असू द्या. डॉक्टरांकडे तुमच्या मुलालाही घेऊन जा, वजन आपोआप उतरलंय हे त्यालाही त्यांच्याकडूनच ऐकू दे.